तक्रारीला मालक हवा

मुंबईत सरकारइतका चांगला घरमालक शोधून सापडायचा नाही. तो भाडं वाढवत नाही, आणि वाढवलंच तर ते मागायला दारात येत नाही. मुलीला बघायला पाहुणे आलेले असताना जिन्यात उभं राहून मोठ्याने थकबाकी मोजत नाही. 'पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली मोकळी करा' असा निरोप पाठवत नाही. छताचा पोपडा पडला, नळाला पाणी आलं नाही, जिन्यातला दिवा गेला, की त्याला तोंडाला येईल ते बोलावं. तो उलटून बोलत नाही आणि दुरुस्तीही करत नाही. या यादीतला फक्त शेवटचा गुण खासगी घरमालकात आढळतो.

असा मालक लाभलेला माणूस त्याला सोडून स्वतः मालक व्हायला का धावतो, हे कोडं मला बीडीडी चाळींनी घातलं. वरळीला माझे मामा, नायगावला मावशी. त्यामुळे पुनर्विकास होणार, होणार, होतोय, थांबला, परत होणार, हे सगळं मी तिथला चहा पिता पिता बघितलं आहे. त्यातून माझं एक मत बनलं. भाडेकरूची खरी मिळकत म्हणजे त्याची खोली नव्हे, त्याचा घरमालक. ज्याच्या नावाने रोज सकाळी बोटं मोडावीत आणि तरी ज्याने वाईट वाटून घेऊ नये, असा हक्काचा माणूस या शहरात दुसरा मिळत नाही. सख्खा भाऊसुद्धा दोन दिवसांत अबोला धरतो.

या मालकाचा इतिहास थोडा बघण्यासारखा आहे. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याची आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. खातं बंद होऊन जमाना झाला, आद्याक्षरं अजून टिकून आहेत. सिमेंटपेक्षा ती पक्की निघाली. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला. त्यातून वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फूट. बॅकबेचा समुद्र हटवण्याचं कामही याच खात्याकडे होतं. त्यातला घोटाळा खुर्शीद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. म्हणजे तक्रारीची परंपरा चाळींइतकीच जुनी आहे, आणि तिच्या थोर पुरस्कर्त्याच्या नावाचा रस्ता चर्चगेटला आहे.

चाळी बांधून झाल्या, पण कामगार येईनात. त्यांना त्या लांब वाटल्या, अंधाऱ्या वाटल्या. खोल्या रिकाम्या पडल्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सरकारला सत्याग्रही ठेवायला जागा पुरेना, तेव्हा वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. राहायला कोणी येत नाही, तर पकडून आणून ठेवायचं! मुंबईत रिकाम्या जागा भरायचा इतका खात्रीचा उपाय पुढे एकाही बिल्डरला सुचला नाही. आजही चाळीत कुणालाही विचारा, 'या मुळात तुरुंग म्हणूनच बांधल्या' असं छाती पुढे काढून सांगतील. मुळात त्या कामगारांसाठीच होत्या, हे मी एकदा सांगून पाहिलं. मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, तुरुंग नसता तर खिडकीला ही असली जाळी कशाला?" म्हणाले. यावर इतिहास काय बोलणार!

तर अशा या घराचा मालक व्हायचं कसं? सरकारच्या, किंवा सरकारच्या कृपेने स्वस्त असलेल्या घरात राहणाऱ्या मुंबईकरापुढचे सगळे मार्ग विकास नियंत्रण नियमावलीच्या तेहतीस नंबरच्या कलमात येतात. तेहतीस-पाच म्हणजे म्हाडाची, अर्थात सरकारी गृहनिर्माण मंडळाची वसाहत. तेहतीस-सात म्हणजे उपकरप्राप्त, अर्थात पागडीची जुनी इमारत. तेहतीस-नऊ म्हणजे अनेक इमारती मिळून एकगठ्ठा. तेहतीस-दहा म्हणजे झोपडपट्टी. ही कलमं वकिलांना पाठ असतील की नाही ठाऊक नाही. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना पाठ आहेत. स्थळं बघताना मुलाची नोकरी विचारून झाली की वधूपक्ष हळूच विचारतो, "तुमचं तेहतीस-सात की तेहतीस-पाच?" पत्रिकेतला मंगळ चालून जातो, बिल्डर पळालेला असेल तर मात्र बोलणी तिथेच थांबतात.

म्हाडाच्या जुन्या वसाहतींची कथा निराळी. विक्रोळीचं कन्नमवार नगर, चेंबूरचं टिळक नगर, काळाचौकीचं अभ्युदय नगर. हाउसिंग बोर्डाच्या जमान्यात इथे माणसं भाड्याने आली, मग गाळे मालकी हक्काने त्यांच्या नावावर झाले, सोसायट्या झाल्या. आता अभिहस्तांतरण होतं, तेव्हा इमारतीचं विक्रीखत मिळतं आणि जमिनीचा भाडेपट्टा. म्हणजे घर तुमचं, घराखालची जमीन सरकारची. वर मालक, खाली भाडेकरू. सिंगापुरात तर सरकारी घर 'विकत' घेतलं तरी ते ९९ वर्षांच्या पट्ट्यानेच मिळतं, त्यामुळे या बाबतीत आपण अगदीच मागासलेले नाही. या वसाहतींचे गट पाडलेले: अल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न, उच्च उत्पन्न. आज अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतीत नवीन घर घ्यायचं तर उत्पन्न अल्प असून भागत नाही. पाटी तेवढी जुनी राहिली आहे.

बाहेरच्या जगात हा प्रश्न कसा सोडवतात, तेही बघू. इंग्लंडमध्ये नगरपालिकांची भाड्याची घरं लाखांनी होती. १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने कायदा केला: तीन वर्षं भाडेकरू म्हणून राहा, बाजारभावावर ३३ टक्के सूट घ्या आणि घर विकत घ्या. त्यापुढे दर वर्षामागे एक टक्का जादा, जास्तीत जास्त ५० टक्के. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरं अशी विकली गेली. रस्त्याने जाताना कुठलं घर विकत घेतलेलं आणि कुठलं भाड्याचं हे लगेच कळायचं, कारण नवा मालक पहिल्यांदा पुढचं दार बदलायचा. विकलेल्या घरांच्या जागी नवी तेवढी काही बांधली गेली नाहीत. मग शहाणपण सुचलं. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क बंदच केला, इंग्लंडने २०२४ मध्ये सवलत जबर कापली.

हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशोब केला. तीन वर्षांना तेहतीस टक्के, पुढे वर्षाला एक. आपल्या घराण्याला चाळीत शंभर वर्षं झाली. म्हणजे एकशेतीस टक्के सूट.

"मग घर फुकट देऊन वर सरकारनेच आपल्याला तीस टक्के द्यायला पाहिजेत," ते म्हणाले.

"पण मामा, पन्नासच्या वर जात नाही तिकडे."

"तिकडचं तिकडे. तिकडे शंभर वर्षं एका खोलीत कोण काढतंय?"

तीस टक्के काही मिळाले नाहीत, पण घर फुकट मिळालं. पुनर्विकासाची योजना अशी की १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, आणि उरलेल्या जागेत उंच इमारती बांधून विकायच्या, त्यातून खर्च काढायचा. २०१७ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झालं. पुढे तीन पक्षांचं सरकार आलं. त्याने वरळीला बाळासाहेब ठाकरे यांचं, नायगावला शरद पवार यांचं आणि ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी यांचं नाव दिलं. तीन पक्ष, तीन ठिकाणं, भांडण नको. चौथी शिवडी, पण तिथली जमीन पोर्ट ट्रस्टची असल्याने ती मागेच राहिली होती, म्हणून चौथा पक्ष शोधावा लागला नाही.

या चाळींत पोलिसांचीही कुटुंबं होती, दोन हजारांच्या वर. त्यांची घरं नोकरीपुरती, म्हणून त्यांना फुकट मिळेना. २०२२ मध्ये आधी पन्नास लाख आकडा आला. आरडाओरडा झाला, पंचवीस लाख झाले. पुन्हा आरडाओरडा झाला, सरकार बदललं, पंधरा लाख झाले. दादरच्या फुटपाथवर बायका कुर्तीचा भाव पाडतात, तसा हा भाव काही महिन्यांत पडला. आयुष्यभर फेरीवाल्यांना उठवणाऱ्या खात्याने घासाघीस नेमकी कुणाकडून शिकून घेतली होती, हे तेव्हा उघड झालं.

फुकट घर मात्र वाटतं तितकं फुकट नसतं. त्याची किंमत कागदांत मोजावी लागते. पात्रता सिद्ध करायला मूळ भाडेपावती हवी, शिधापत्रिका हवी, वीजबिल हवं, मतदार यादीतलं नाव हवं, मूळ भाडेकरू गेला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला हवा आणि वारसांची ना-हरकत हवी. मामींनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तारेला ओवलेल्या पावत्यांचा गठ्ठा. वरच्या पावत्या निळ्या शाईच्या, खालच्या जांभळ्या, सगळ्यात खालच्या नुसत्याच तपकिरी, त्यावर काय लिहिलंय ते वाचायला श्रद्धा लागायची. आजोबांचं नाव एका पावतीवर पूर्ण, दुसरीवर टोपणनाव, तिसरीवर नाव त्यांचं आणि आडनाव शेजाऱ्याचं. तारेचं भोक बरोबर पावतीच्या तारखेतून गेलेलं. एवढी वर्षं वेळेवर भाडं भरून मामींनी सरकारच्या हाती स्वतःविरुद्ध इतका पुरावा दिला होता.

आणि वारस! भाडेपावतीच्या काळात आमच्या आजोबांना वारस म्हणजे एक मामा, तेही नाइलाजाने. मालकी म्हटल्याबरोबर सावंतवाडीपासून सुरतेपर्यंत रक्त जागं झालं. ज्या दुसऱ्या मावशीने तीस वर्षं चाळीच्या संडासाला नाक मुरडलं, तिला एकाएकी माहेरची ओढ लागली. १६० चौरस फुटांत नऊ माणसं गुण्यागोविंदाने राहिली; ५०० म्हटल्यावर चौघा भावंडांना जागा पुरेना. शेवटी ना-हरकतीवर सह्या झाल्या, पण प्रत्येक सहीला एकेक जेवण पडलं. त्या मावशीच्या सहीला पापलेट.

त्यानंतर सोडत. कुणाला कुठल्या मजल्यावर कुठलं घर, ते संगणक ठरवणार. लॉटरी लागली तरी माणूस कसा नाराज होऊ शकतो, हे बघायचं असेल तर अशा सोडतीनंतर चाळीच्या व्हरांड्यात उभं राहावं. वरचा मजला मिळालेले म्हणत होते, लिफ्ट बंद पडली तर काय करायचं. खालचा मिळालेले म्हणत होते, शेजाऱ्याला समुद्र आणि आम्हाला काय, पार्किंग? जन्मभर तळमजल्यावर राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करणाऱ्या एका आजींना पस्तिसाव्याच्या वरचा मजला मिळाला. त्यांनी विचारलं, "तिथून माणूस ओळखू येतो का?" नाही म्हटल्यावर त्यांचा सगळा उत्साह मावळला. समुद्र दिसेल म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "समुद्राला काय विचारायचं, कुठे निघालास म्हणून?"

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजली इमारत, दोन बेडरूम, चकचकीत फरशी, आणि घराच्या आत संडास. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व ज्याने सकाळी बादली घेऊन मजल्याच्या टोकाला रांग लावली आहे त्यालाच कळेल. त्याची चेष्टा करायची माझी हिंमत नाही. इथेही पहिलं काम तेच, जे इंग्लंडात झालं. दार. म्हणजे मूळचं दार नवंकोरं, त्याच्या बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, त्यावर पितळी अक्षरांत आडनाव. चाळीत दिवसभर दार उघडं असायचं, कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं आणि बाहेर बघण्यासारखं खूप होतं. मालक झाल्यावर उलटं झालं.

आता मूळ मुद्दा. नव्या इमारतीत जिन्यातला दिवा गेला तर बोलायचं कुणाला? सुदैवाने सरकारने पहिली बारा वर्षं देखभाल आपल्याकडे ठेवली आहे. लोकांना वाटतं ही खर्चाची सवलत. मला ती त्याहून खोल करुणा वाटते. शंभर वर्षांची सवय एका रात्रीत तोडली तर माणूस आजारी पडेल, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं. बारा वर्षं तक्रार करायला अधिकृत मालक राहणार. त्यानंतर मात्र सोसायटी.

सोसायटी म्हणजे काय हे मी आमच्या मावसभावाकडे पाहिलं आहे. त्याची म्हाडा वसाहतीतली इमारत पाडून टॉवर झाला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्याबरोबर मी वार्षिक सभेला जाऊन बसलो. गच्चीत प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल, टेबलावर ताळेबंद आणि वड्यांचं पार्सल. ताळेबंद सगळ्यांनी मंजूर केला, कारण वडे थंड होत होते. मग एक काका उठले.

"लिफ्ट आठवडाभर बंद आहे."

"करा ना तक्रार," सेक्रेटरी म्हणाले.

"कुणाकडे?"

"सोसायटीकडे."

"सोसायटी म्हणजे कोण?"

"आपण सगळे. तुम्हीपण."

काका थोडा वेळ उभेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची तक्रार पोचायच्या जागी पोचली होती, आणि ती जागा म्हणजे ते स्वतः होते. मग सेक्रेटरींनी लिफ्टच्या दुरुस्तीला दर घरामागे किती पडतील तो आकडा सांगितला, आणि काका म्हणाले, "तशी लिफ्ट एवढी काही वाईट नाही. चालणं तब्येतीला चांगलं." ते चौदाव्या मजल्यावर राहतात.

दुसरी एक गोष्ट त्या सभेत दिसली. नोटिस बोर्डावर थकबाकीदारांची यादी होती. चाळीत सरकारचं भाडं थकवणारा माणूस हुशार समजला जायचा. "सहा वर्षं भरलं नाही, काय वाकडं झालं?" असं तो चारचौघांत सांगायचा आणि बाकीचे कौतुकाने ऐकायचे. सोसायटीची देखभाल थकवणारा मात्र चोर. तोच माणूस, तीच सवय, फक्त पैसे आता शेजाऱ्याच्या खिशातून जातात. सरकारला बुडवलं तर व्यवहार, आपल्याला बुडवलं तर पाप, एवढी नैतिक जागृती मालकी हक्काने नक्की होते. योजनेच्या यशाचं मोजमाप करायचं झालं तर चौरस फुटांइतकंच हेही मोजावं.

आणखी एक फरक पडतो. भाडेकरूला आपल्या घराची किंमत माहीत नसते, त्याला फक्त भाडं माहीत असतं. किल्ली मिळाली त्याच आठवड्यात मामांना तीन दलालांचे फोन आले. काही वर्षं घर विकता येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आकडा सांगून ठेवायला काय जातं? आकडा ऐकून मामा दोन दिवस जेवले नाहीत. आपण आजवर एवढ्या किमतीच्या जमिनीवर गंजी घालून फिरत होतो, ही कल्पना त्यांना सोसेना. तेव्हापासून ते घरातसुद्धा शर्ट घालून बसतात. मामी म्हणतात, "यांना विकायचं नाहीये, पण विकलं असतं तर काय काय केलं असतं, ते मला रोज ऐकवतात." मालकी हक्काचा हा सगळ्यात मोठा फायदा: न विकलेल्या घराचे पैसे माणूस रोज नव्याने खर्च करू शकतो.

म्हणून सरकारला माझी एक नम्र सूचना आहे. घरं दिलीत, फार चांगलं केलंत, कुणीही परत करणार नाही. पण बारा वर्षं संपली तरी प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर आपली एक खिडकी उघडी ठेवावी. आत एक कारकून बसवावा. त्याने काही करायचं नाही. त्याला अधिकार नको, निधी नको, टेबलावर फाइलही नको. लिफ्ट बंद पडली, गच्ची गळली, वरच्याच्या बाथरूमचं पाणी खाली आलं, की मालकांनी त्याच्यापुढे जाऊन मोठ्याने बोलावं, त्याने 'बघतो' म्हणावं, आणि सगळ्यांनी हलक्या मनाने वर जाऊन आपापसांत वर्गणी काढून दुरुस्ती करून घ्यावी. कारकुनाच्या पगाराची चिंता नको. या सेवेसाठी महिन्याला थोडं भाडं द्यायला लोक खुशीने तयार होतील, आणि मुंबईच्या इतिहासात पहिल्यांदाच ते वेळेवर भरतील. फक्त पावती द्यावी लागेल, आणि नाव नीट लिहावं लागेल.